१९४९ चं खरेदीखत आणि त्यावर जॉर्ज राजा! मधली अडीच वर्षं देश कुठल्या कायद्यावर चालला?

वाडेकर_वाई
नमस्कार मंडळी.
गावच्या वाड्याची डागडुजी काढली आहे. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या कागदांचा गठ्ठा सापडला. त्यात एक खरेदीखत आहे, १९४९ च्या श्रावणातलं. वरच्या स्टँपावर सहावा जॉर्ज, मुकुटासकट. म्हणजे इंग्रज जाऊन दोन वर्षं झाली तरी आमच्या दीड एकराच्या कागदावर राजाचं मुंडकं!

शाळेत आपण '१५ ऑगस्टला स्वातंत्र्य, २६ जानेवारीला प्रजासत्ताक' हे एका दमात घोकलं. मधल्या काळाचं काय? घटना अजून लिहायची होती, निवडणुका १९५१-५२ मध्ये झाल्या. मग त्या अडीच वर्षांत कायदा कुणाचा, सरकार कुणाचं आणि त्या सरकारला निवडून कुणी दिलं होतं? जाणकारांनी उजेड पाडावा.

ता. क. हे खत आज चालतं का, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

काडीमास्तर
मूळ प्रश्न ता. क. मध्ये आहे हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेलच. भाऊबंदकी कुठवर आली आहे? (हलके घ्या.)

पाववाटी
काडीमास्तर =)) पहिल्याच प्रतिसादात!

निळी_शाई
मी वकिली करते, म्हणून थोडं लांबण लावते.

१५ ऑगस्ट १९४७ ला आपण प्रजासत्ताक झालो नाही, डोमिनियन झालो. जुन्या मराठीत वसाहतीचं स्वराज्य. राजा तोच, त्याच्या नावाने गव्हर्नर जनरल. आधी माउंटबॅटन, मग २१ जून १९४८ पासून राजगोपालाचारी. तेव्हा तुमच्या स्टँपावर जॉर्ज असणं कायद्याला धरूनच होतं.

कायदा होता १९३५ चा भारत सरकार कायदा. ब्रिटिश पार्लमेंटने १९४७ चा स्वातंत्र्याचा कायदा केला, त्याच्या ८ व्या कलमात ही तरतूद आहे: नवी घटना होईपर्यंत १९३५ च्या कायद्यावर कारभार चालवा, त्यात हवे ते फेरफार करा, आणि घटना बनवण्याचे अन् कायदे करण्याचे दोन्ही अधिकार घटना समितीला. त्यानुसार जुन्या कायद्यातल्या गव्हर्नरच्या मर्जीच्या तरतुदी कापून टाकल्या आणि उरलेल्यावर देश चालवला.

घटना समितीला त्यामुळे दोन टोप्या होत्या. घटनेचं काम असलं की अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद. अर्थसंकल्प, कायदे, प्रश्नोत्तरं असली की तीच मंडळी कायदेमंडळ म्हणून बसायची आणि सभापतींच्या खुर्चीवर दादासाहेब मावळंकर असायचे. घर बांधून होईपर्यंत जुन्या मालकाच्या वाड्यात राहायचं आणि रोज संध्याकाळी नकाशा पुढ्यात घेऊन भांडायचं, असा तो संसार होता.

वाडेकर_वाई
@निळी_शाई ताई, अगदी हेच हवं होतं. मावळंकर म्हणजे आपले कोकणातले?

मास्तर_निवृत्त
घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, कर्मभूमी अहमदाबाद. पुढे लोकसभेचे पहिले सभापती तेच. त्या पहिल्या मंत्रिमंडळात पुण्याचे काकासाहेब गाडगीळही होते, बांधकाम, खाणी आणि वीज खात्याला.

आणखी एक गंमत. १९३५ च्या कायद्याखाली प्रांताच्या प्रमुखाला पंतप्रधान म्हणत. त्यामुळे बाळासाहेब खेर तेव्हा 'मुंबईचे पंतप्रधान' होते. घटना लागू झाली आणि ते मुख्यमंत्री झाले. मी शाळेत हे सांगितलं की पोरं म्हणायची, सर, ही तर पदावनती झाली!

एडिसनची_अंजू
एक भाबडा प्रश्न. आपण 'घटना' म्हणतो आणि हल्ली सगळे 'संविधान' म्हणतात. फरक आहे का? माझा नवरा भोपाळचा. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी मी 'घटना समितीत' असं काही बोलले, तर सासूबाई घाबरून म्हणाल्या, "कौनसी घटना हो गयी?"

पाववाटी
=)) =)) 'घटनेचे शिल्पकार' ऐकून त्यांना काय वाटलं असेल!

मास्तर_निवृत्त
अर्थ एकच. घटना म्हणजे घडण, रचना. आमच्या पिढीला राज्यघटनाच तोंडात बसलेली. अधिकृत मराठी प्रतीवर 'भारताचे संविधान' असतं. दोन्ही चालतात, त्यावरून वेगळा धागा नको. मागे 'शुद्धलेखन की प्रमाणलेखन' धाग्याचं काय झालं ते आठवा.

काडीमास्तर
तो धागा अजून जिवंत आहे मास्तर. फक्त माणसं गेली.

परखड_पाटील
सगळं छान चाललंय, पण मूळ धाग्यातला तिसरा प्रश्न सोयीस्कर विसरला जातोय. निवडून कुणी दिलं? उत्तर: सर्वसामान्य जनतेने नाही. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत मत फक्त शेतसारा, कर, शिक्षण असल्या अटींत बसणाऱ्यांना होतं. त्यांनी निवडलेल्या आमदारांनी घटना समिती निवडली. संस्थानांकडचे बरेच तर नेमलेले. आणि ही मंडळी म्हणणार, 'आम्ही भारताचे लोक'! वरून १९३५ च्या इंग्रजी कायद्याची नक्कल. समितीतच हनुमंतय्या म्हणाले होते की आम्हाला वीणा-सतारीचे सूर हवे होते, इथे इंग्रजी बँड वाजतोय.

निळी_शाई
@परखड_पाटील, पहिला मुद्दा खरा आहे, तो नाकारायचं कारण नाही. गंमत अशी की अशा तुटपुंज्या मतदानातून आलेल्या सभेने सगळ्या प्रौढांना मत दिलं. स्वतःची खुर्ची ज्या नियमाने मिळाली तोच नियम मोडला.

नकलेचं म्हणाल तर ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनीच हे सांगून टाकलं. घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचं पेटंट नसतं, घेतल्याची लाज नाही. वाईट एवढंच वाटतं की १९३५ च्या कायद्यातून घेतलेला भाग बहुतेक प्रशासनाच्या तपशिलांचा आहे. आणि ते तपशील घटनेत का घातले, तर कारभाराचा सांगाडा बदलूनही घटना आतून मारता येते, म्हणून. हे नक्कल करणाऱ्याचं बोलणं वाटतं का?

माझ्याच उपमेत सांगायचं तर जुन्या वाड्याच्या तुळया सागवानी होत्या, त्या नव्या घराला वापरल्या. पण उंबरा नवा घातला: मूलभूत हक्क, अस्पृश्यता नष्ट, प्रत्येकाला मत. १९३५ च्या कायद्यात यातलं काय होतं?

परखड_पाटील
प्रतिबंधक स्थानबद्धता होती. तीही तुळई उचललीच की. खटला न चालवता आत टाकायची सोय थेट मूलभूत हक्कांच्या प्रकरणात, कलम २२. त्याचं काय?

निळी_शाई
तिथे तुमचा मुद्दा मान्य. माझ्याही मते ती तुळई वाळवी लागलेली होती.

पाववाटी
या संस्थळावर कुणीतरी कुणाचातरी मुद्दा मान्य केला! स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

गोदाकाठ
उशिरा आलो. मी नांदेडचा. तुम्ही सगळे 'आपण', 'आपली समिती' म्हणताय, पण या गोष्टीत आम्ही मराठवाडेकर कुठे होतो? १५ ऑगस्ट १९४७ ला आमच्याकडे निजाम होता. पोलीस कारवाई होऊन आम्ही सुटलो १७ सप्टेंबर १९४८ ला. घटना समितीत जवळजवळ सगळ्या संस्थानांचे लोक येऊन बसले, हैदराबादची माणसं मात्र शेवटपर्यंत नव्हती. निजामाने फर्मान काढून घटना मान्य केली ती २३ नोव्हेंबर १९४९ ला, म्हणजे घटना स्वीकारण्याच्या तीन दिवस आधी. माझे आजोबा रझाकारांच्या काळात घरदार सोडून सीमेपलीकडच्या कॅम्पात होते. घटनेतला एक शब्दही त्यांना विचारून लिहिलेला नाही. तरी दर २६ जानेवारीला ते सकाळी सहाला अंघोळ करून कडक इस्त्रीचा सदरा घालून शाळेत हजर. एकदा विचारलं तर म्हणाले, "बाबा, मला कुणी निजामाच्या राज्यात तरी विचारलं होतं का? इथं निदान पुढच्या खेपेला विचारतील म्हणाले."

वाडेकर_वाई
@गोदाकाठ, सहाला अंघोळ... आमचे पणजोबाही तसेच. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवावासा वाटतोय.

माडावरून
गोदाकाठ, तुमी तरी तीन दिवस आधी पावलात. आम्ही गोंयकार बारा वर्षं मागे! १९५० मध्ये आमच्याकडे लिस्बनचं सरकार होतं. १९ डिसेंबर १९६१ ला सुटलो, मग १२ व्या घटनादुरुस्तीने भारतात सामील. पण जुने कायदे एका रात्रीत गेले नाहीत. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आमच्याकडे पुढेही लग्न आणि वारशाला लागत राहिली (वारशाला २०१६ पर्यंत), कारण १९६२ च्या कायद्यात म्हटलं की बदलेपर्यंत जुनं चालू राहील. माझ्या वडिलांच्या मालमत्तेत बहिणीला सारखा वाटा मिळाला तो त्याच संहितेने. वाडेकरांना एका खतावर जॉर्ज दिसला, आमच्या कपाटात अख्खा गठ्ठा पोर्तुगीजमध्ये आहे आणि वाचणारा मिळत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
काऊन बे, आमच्या भाऊसाहेबांचं नाव कोनीच नाई घेतलं? डॉ. पंजाबराव देशमुख. घटना समितीत आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडाकडून होते. नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा निघाली तं उठून म्हणे, तुम्ही असं लिहून ठेवलं की आपलं नागरिकत्व जगातलं सगळ्यात स्वस्त होईल. पटो ना पटो, मानूस बोलाचा. शेतकऱ्यासाठी बोलाचा. आन् ते ह. वि. कामथ, तेबी आमच्याच प्रांताकडून. प्रास्ताविकेची सुरुवात 'परमेश्वराच्या नावाने' करा म्हणाले. देवावर मतदान नका घेऊ म्हणून सगळे विनवू लागले, पन घेतलंच. ४१ बाजूनं, ६८ विरुद्ध. देव पडला!

काडीमास्तर
आणि डिपॉझिट?

वऱ्हाडी_ठेचा
हव ना, थेबी गेलं असंन.

रविवारचा_वाचक
कामथांची सूचना पडल्यावर ते म्हणाले की आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे, देव भारताचं रक्षण करो. आणि मग पुन्हा त्याच उत्साहाने सूचना मांडायला हजर. मला त्या सभेतलं हेच आवडतं. मसुद्यावर ७,६३५ सूचना आल्या होत्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एखाद्याची सूचना दहा वेळा पडायची आणि तो अकराव्या वेळी उठायचा.

देवनागरी आकडे की इंग्रजी आकडे यावरून १९४९ च्या सप्टेंबरात जी जुंपली ती वाचाच. फाळणीच्या जखमा ओल्या, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या, आणि इकडे १ असा काढायचा की तसा. तेव्हा हसू येतं. पण राज्यकारभाराच्या भाषेचं भांडण गोळीबाराऐवजी तडजोडीवर मिटलं, हेही तिथेच दिसतं.

एडिसनची_अंजू
शेजारी पाकिस्तानात काय झालं, ते कुणी सांगेल का? त्यांच्याकडेही १९३५ चाच कायदा होता ना?

मास्तर_निवृत्त
हो, तोच कायदा, तीच सुरुवात. त्यांची घटना आली २३ मार्च १९५६ ला, नऊ वर्षांनी. मधे १९५४ मध्ये गव्हर्नर जनरलने घटना समितीच बरखास्त केली. आलेली घटना १९५८ मध्ये लष्करी राजवटीने गुंडाळली.

यात एक धागा आपल्याशी जोडलेला आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून घटना समितीत जाता आलं नाही. ते बंगालमधून गेले, आणि तिथे जोगेंद्रनाथ मंडल यांनी त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं. फाळणीनंतर ती जागा संपली. मग राजेंद्रप्रसादांनी बाळासाहेब खेरांना पत्र लिहिलं, बॅ. मुकुंदराव जयकरांची जागा रिकामी झाली होती, तिथून बाबासाहेब मुंबईतून निवडून आले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि बाबासाहेब भारताचे. मंडल १९५० मध्ये राजीनामा देऊन कलकत्त्याला परतले. दोघे मित्र, दोन देश, एकच खातं.

परखड_पाटील
मास्तर, माहितीपूर्ण. पण 'घटना एका माणसाने लिहिली' या समजाबद्दलही बोला. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव यांचा पहिला मसुदा ऑक्टोबर १९४७ चा आहे, २४३ कलमांचा. त्यांचं नाव कुणाला माहीत आहे?

निळी_शाई
बाबासाहेबांना माहीत होतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी स्वतः सांगितलं की श्रेय माझ्या एकट्याचं नाही, रावांचं आहे, मसुदा समितीतल्या सहकाऱ्यांचं आहे, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जींचं आहे. ज्यांना त्यांचं श्रेय कमी करायचं असतं तेच रावांचं नाव घेतात आणि बाबासाहेबांचं हे भाषण विसरतात.

दुसरी बाजू टी. टी. कृष्णम्माचारींनी सभागृहात सांगितली होती. मसुदा समितीत सात जण. एकाने राजीनामा दिला, एक वारला, एक अमेरिकेत, एक संस्थानांच्या कामात, काही प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. म्हणजे शेवटी भार कुणावर पडला? मधुमेहाने पोखरलेल्या माणसावर. कच्चा आराखडा काढणं वेगळं आणि २,४७३ सूचनांना उभं राहून उत्तर देणं वेगळं. वकिलाला विचारा.

परखड_पाटील
ठीक. भार त्यांच्यावर पडला हे मान्यच आहे, मी फक्त रावांचं नाव यावं म्हणून म्हटलं. आलं.

पाववाटी
दुसरा स्क्रीनशॉट.

रविवारचा_वाचक
मतदार याद्यांबद्दल कुणीच बोललं नाही. घटना अजून मसुद्यात होती, नागरिक कोण हे ठरायचं होतं, तरी घटना समितीच्या सचिवालयाने १९४८ मध्ये प्रांतांना कळवलं की सगळ्या प्रौढांच्या याद्या करायला लागा. निर्वासित आज या छावणीत, उद्या त्या. त्यांना 'मी इथे कायम राहणार' एवढ्या लेखी निवेदनावर यादीत घेतलं. म्हणजे नागरिक व्हायच्या आधी माणूस मतदार झाला!

आणि बायका. उत्तरेकडच्या कित्येक भागांत नाव सांगायला तयारच नव्हत्या. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको'. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की नाव नसेल तर यादीत जागा नाही. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं गळली. कठोर वाटतं, पण पुढच्या निवडणुकीत त्या नाव घेऊन आल्या.

माडावरून
आणि त्या पहिल्या निवडणुकीत, ज्यांनी सगळ्यांना मत द्यायची तरतूद मांडली, ते बाबासाहेब स्वतःच मुंबईत पडले. काजरोळकरांकडून. असो.

काडीमास्तर
वाडेकरसाहेब, धागाकर्ते कुठे गायब? इकडे लोक निवडणुका लढवून हरूनही बसले.

वाडेकर_वाई
इथेच आहे, वाड्यात गवंडी होता. वाचतोय सगळं. ताई, तो ता. क. चा प्रश्न राहिला. आणि हो काडीमास्तर, भाऊबंदकी नाही, नुसतं कुतूहल. (आत्तापर्यंत तरी.)

निळी_शाई
चालतं. घटनेचं शेवटचं कलम ३९५. त्याने १९३५ चा कायदा आणि ब्रिटिश पार्लमेंटचा १९४७ चा स्वातंत्र्याचा कायदा, दोन्ही रद्द केले. ज्या कायद्याने आपल्याला स्वातंत्र्य 'दिलं', तोच आपण मोडीत काढला. म्हणजे यापुढे आमचा अधिकार लंडनच्या कागदावरून येत नाही, आमच्याच कागदावरून येतो. मला ते कलम फार आवडतं, शाळेत शिकवतच नाहीत.

पण त्याच्या थोडं अलीकडे कलम ३७२ आहे. ते म्हणतं की घटनेआधीचे बाकी कायदे, बदलेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत, चालू. त्यामुळे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आणि १९०८ चा नोंदणीचा कायदा सुरूच राहिले. माडावरून यांची पोर्तुगीज संहिता जशी त्यांच्या १९६२ च्या कायद्याने राहिली, तसंच हे. राजा गेला, खरेदी राहिली. खत नोंदलेलं आहे ना? मागे दुय्यम निबंधकाचा शिक्का आणि अनुक्रमांक पाहा. सातबारावर पुढे फेरफार झालाय का तेही काढा. नुसत्या खताला कवटाळून बसू नका.

वाडेकर_वाई
शिक्का आहे, अनुक्रमांकही आहे. फेरफार उद्या तलाठ्याकडून काढतो.

आणि @रविवारचा_वाचक, तुमचा प्रतिसाद वाचून पुन्हा कागद उघडला. मी पहिल्या दिवसापासून 'पणजोबांचं खत' म्हणतोय. लिहून घेणार म्हणून नाव आहे ते पणजीचं. नाव, कोम पणजोबांचं नाव, धंदा शेती. खाली डाव्या हाताचा अंगठा. घरात ही जमीन तिच्या नावावर होती हे आजवर कुणीच बोललं नव्हतं. वडिलांना फोन केला, त्यांनाही माहीत नाही.

पाववाटी
कोम म्हणजे काय हो?

मास्तर_निवृत्त
अमक्याची बायको. जुन्या दस्तांत मुलाला 'बिन', बायकोला 'कोम'.

काडीमास्तर
वाडेकर, मी शब्द मागे घेतो. भाऊबंदकी आता सुरू होईल.